गोल्फचा सल्ला : ड्रायव्हर बॅगेत ठेवा, पटर घरी आणा

मागच्या अंकात आम्ही वाचकांना आपापली स्कोअरकार्डं आणि अडचणी पाठवायला सांगितलं होतं. मराठवाड्यातून आलेल्या पत्रांत दोन दुखणी पुन्हा पुन्हा दिसली : टीवर (पहिला फटका मारतात त्या जागी) काढलेला चुकीचा क्लब आणि ग्रीनवरचे (झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरचे) तीन-तीन पट, म्हणजे पटरने घरंगळवलेले फटके. म्हणून या वेळी जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

प्रश्न : माझा हँडिकॅप २४ आहे. चेंडू लांब जातो, तरी स्कोअर ९६ ते १०२ च्या खाली येत नाही. ३८० यार्डांच्या एका पार-४ (चार फटक्यांच्या) होलवर उजवीकडे लाल खुंट्या ठोकलेला नाला आहे. तिथे माझे नेहमी सात-आठ होतात. स्विंग बदलायला हवा का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : स्विंगला तूर्त हात लावू नका. आधी कार्ड समोर घ्या. २४ हँडिकॅप म्हणजे अठराही होलवर तुम्हाला एकेक फटका जादा मिळतो आणि स्ट्रोक इंडेक्स (कार्डावरचा होलच्या अवघडपणाचा क्रम) १ ते ६ असलेल्या सहा होलवर दोन-दोन. तुम्ही पाठवलेल्या कार्डावर या होलचा इंडेक्स ३ आहे. म्हणजे छापलेला पार चार असला तरी तुमचा पार सहा. ही गोष्ट एकदा मनात पक्की बसली की ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारा क्लब, काढण्याची घाई आपोआप कमी होते, कारण दोन फटक्यांत ग्रीन गाठण्याची तुम्हाला गरजच नाही.

आता होल उलटा, झेंड्याकडून टीकडे मोजा. पिचिंग वेज या आखूड पल्ल्याच्या क्लबने तुम्ही भरवशाने ९० यार्ड मारता. ३८० मधून ९० गेले, राहिले २९०. ते दोन फटक्यांत कापायचे : हायब्रिडने १६०, सात नंबरच्या आयर्नने १३०. तिसऱ्या फटक्यावर ग्रीन, दोन पट, स्कोअर पाच. सगळं नेमकं जमलं नाही आणि एक चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) वाढली तरी सहा. सात-आठ होतात ते ड्रायव्हर नाल्यात गेला आणि पुढचा फटका रागाने मारला, तेव्हा.

ड्रायव्हर कधीच काढू नका, असं आमचं म्हणणं नाही. तो किती पसरतो ते मात्र माहीत हवं. सरावाच्या रेंजवर एकाच खुणेवर नेम धरून २० चेंडू मारा. डावीकडचा आणि उजवीकडचा सगळ्यात वाईट एकेक सोडून द्या आणि उरलेल्यांतलं दोन टोकांमधलं अंतर पावलांनी मोजा. समजा ते ६० यार्ड भरलं. हायब्रिडचं असंच मोजलं तर ३५ आलं. मग ज्या होलवर नाला आणि डावीकडच्या बाभळी यांच्यात ४५ यार्डांची जागा आहे तिथे ड्रायव्हर मावतच नाही. क्लब टीवर उभं राहून नाही, घरी बसून ठरवावा. अठरा होलची एक चिठ्ठी करा आणि प्रत्येक होलपुढे एकच क्लब लिहा.

नेम धरताना आणखी एक चूक होते. नाला उजवीकडे असला की बहुतेक जण टीच्या डाव्या कोपऱ्यात चेंडू ठेवतात, नाल्यापासून लांब. करायचं असतं नेमकं उलट. उजव्या खुणेजवळ टी लावा म्हणजे तुमचा नेम आपसूक डावीकडे, मोकळ्या बाजूला जातो. खुणांच्या मागे दोन क्लब-लांबीपर्यंत टी लावता येते, तेव्हा सपाट जागाही शोधून घ्या.

लाल आणि पांढऱ्या खुंट्यांतला फरक तर रक्तात भिनायला हवा. लाल खुंट्यांच्या आत गेलेल्या चेंडूला एक फटका दंड, पण चेंडूने हद्द जिथे शेवटची ओलांडली तिथून दोन क्लब-लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता, ड्रॉप घेता येतो, म्हणजे चेंडू हातातून खाली सोडून तिथून खेळता येतं. पांढऱ्या खुंट्यांबाहेर, म्हणजे मैदानाच्या हद्दीबाहेर, गेला की दंडही भरायचा आणि परत टीवरही यायचं. दोन्हीकडे तुमचा पुढचा फटका तिसराच, पण एक नाल्याजवळून आणि दुसरा पुन्हा शून्यातून. म्हणून एका बाजूला पांढऱ्या आणि दुसऱ्या बाजूला लाल खुंट्या असतील तर चुकायचं ते लाल बाजूला. चेंडू बाहेर गेल्याची शंका आली तर पुढे चालू लागण्याआधी ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता चेंडू) असं स्पष्ट सांगून दुसरा चेंडू मारा. शोधायला मिळतात तीनच मिनिटं.

बाभळीखाली गेलेल्या चेंडूबद्दल कळकळीने एक सांगतो : दोन खोडांमधली फट बघू नका. आठ नंबरच्या आयर्नने आडवा, जवळच्या फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या मोकळ्या पट्ट्यावर) काढा. त्यात एक फटका जातो, फटीचा नाद केला तर तीन जातात.

ग्रीनवर मारताना झेंडा बघू नका, ग्रीनचा मध्य बघा. आणि क्लब निवडताना आयुष्यातला सगळ्यात चांगला सात नंबर आठवू नका, रोजचा आठवा. हौशी खेळाडूंचे चेंडू बहुतेक वेळा ग्रीनच्या अलीकडेच पडतात. झेंडा मागच्या भागात असेल तर बेलाशक एक नंबर लांब मारणारा क्लब (सातऐवजी सहा) घ्या.

प्रश्न : एका फेरीत माझे ४० पट होतात. लातुरात रोज ग्रीन मिळणं शक्य नाही. घरी काय करता येईल?
– एक वाचक, लातूर

उत्तर : पुष्कळ काही. पण सराव कशासाठी करायचा ते आधी ठरवू या, कारण बहुतेकांचा पटिंगचा सराव म्हणजे नुसता वेळ घालवणं असतं.

होलचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा सुमारे ४३. अमेरिकेतल्या पीजीए टूरवरचे खेळाडू आठ फुटांवरून साधारण निम्मे पट घालतात. वीस फुटांवरून शंभरात पंधरा-एक. म्हणजे वीस फुटांवरून तुमचं काम चेंडू घालणं नाही, दुसरा पट अगदी सोपा होईल इतका जवळ नेणं हे आहे. चाळीस पटांतले जास्तीचे पट बहुधा इथेच होतात : पहिला पट पाच फूट आखूड पडतो आणि दुसरा चुकतो. तेव्हा दोनच गोष्टी घोटायच्या. लांबून वेग, जवळून दिशा.

दिशेपासून सुरू करू. चेंडू कुठे निघणार हे मुख्यतः पटरचं तोंड ठरवतं, हाताची वाट त्या मानाने कमी. तोंड एक अंश वाकडं असलं तर दहा फुटांवर चेंडू दोन इंच सरकतो. मध्यापासून होलची कडही दोन इंचांवरच असते. म्हणजे सपाट ग्रीनवर एका अंशाची सूट आहे, त्याहून जास्त नाही. ती घरच्या घरी अशी मोजा : सतरंजी किंवा पातळ गालिचा सुरकुती न ठेवता ताणून अंथरा. उघडी शहाबादी फरशी चालणार नाही, तिच्यावर चेंडू घसरत जातो. गवंडी भिंतीला धरतात तसं सूत दोन्ही टोकांना बांधून, चेंडूच्या वर चार बोटं ताणा. चेंडूपासून अर्ध्या मीटरवर पेन्सिल सेल दोन उभे करा, मध्ये ५५ मिलिमीटर जागा सोडून. चेंडूला दोन्ही बाजूंना सहा-सहा मिलिमीटर मोकळे राहतात. तोंड पाऊण अंशाहून जास्त फिरलं की सेल टिक् करून आडवा होतो. कोणता पडतो ते लिहून ठेवा. उजवा सेल सारखा पडत असेल तर (उजव्या हाताने खेळणाऱ्याचं) तोंड उघडं राहतंय. बहुधा पकड घट्ट असते किंवा चेंडू फार मागे, उजव्या पायाकडे असतो. चेंडू पायांच्या मध्यापेक्षा जरासा पुढे हवा. डावा पडत असेल तर नजर तपासा. नेहमीसारखे उभे राहा, नाकाच्या मुळाशी दुसरा चेंडू धरा आणि सोडा. तो खालच्या चेंडूवर किंवा किंचित आतल्या बाजूला पडायला हवा. पलीकडे पडला तर तुम्ही फार वाकून उभे आहात.

सलग २० चेंडू दोन सेलांमधून गेल्याशिवाय उठायचं नाही. एक चुकला की पुन्हा एकपासून मोजा. सतराव्या चेंडूला हात जड होतो, आणि तोच सराव मैदानावर कामी येतो.

वेगासाठी गच्ची वापरा. पावसाचं पाणी पन्हाळाकडे जावं म्हणून गच्चीला उतार दिलेला असतोच. तिथे लांब चटई टाका. चढावर, उतारावर आणि आडवं, तिन्ही पट मारून बघता येतात. १०, १५ आणि २० फुटांवर खडूने रेघा ओढा. प्रत्येक रेघेच्या पलीकडे दीड फुटावर दुसरी रेघ. चेंडू या दोन रेघांमध्ये थांबला पाहिजे. क्रम सारखा बदला : १०, मग २०, मग १५. एकाच अंतरावरून दहा चेंडू मारले की दुसऱ्या चेंडूपासून हात आठवणीने चालतो, अंदाज घेत नाही. मैदानावर तर प्रत्येक पटाला एकच संधी असते. अंतर वाढवायचं ते पटर मागे जास्त नेऊन, ठोसा देऊन नाही. लय तीच राहू द्या. चटईचा वेग ग्रीनसारखा नसेल, पण झोक्याच्या लांबीवर अंतर राखायची सवय नक्की लागते.

रोज अर्धा तास पुरे. दहा मिनिटं सेल, पंधरा मिनिटं रेघा, शेवटची पाच मिनिटं तीन फुटांवरून आडव्या ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यात. पेल्याचं तोंड साधारण सात सेंटिमीटर असतं. त्यात घालायची सवय झाली की मैदानावरचा होल परातीएवढा वाटतो.

प्रश्न : उतार नीट वाचूनही चेंडू भलतीकडेच वळतो. असं का?
– एक वाचक, जालना

उत्तर : गवतामुळे. आपल्याकडच्या गरम हवेत टिकणारं ग्रीनचं गवत बहुधा बर्म्युडा जातीचं असतं, म्हणजे आपल्या शेतातली हरळीच, तिची बारीक पात्याची बहीण. हरळी उभी वाढत नाही, जमिनीलगत एका दिशेला सरपटते. त्या दिशेने चेंडू पळतो, उलट दिशेला अडतो, आडवा असेल तर तिकडे ओढला जातो. चेंडू होलजवळ हळू झाला की ही ओढ सगळ्यात जास्त जाणवते.

दिशा ओळखायच्या दोन खुणा. चेंडूमागून बघताना गवत चकाकत असेल तर ते तुमच्यापासून पुढे वाढतंय, पट वेगाने जाईल. काळपट दिसलं तर ते तुमच्याकडे येतंय, थोडा जोर वाढवा. दुसरी खूण आम्हाला जास्त भरवशाची वाटते : होलची कड वाकून बघा. एक बाजू सुरीने कापल्यासारखी साफ, समोरची फाटलेली आणि करपलेली दिसेल. गवत त्या फाटलेल्या बाजूकडे वाढतं. संध्याकाळपर्यंत पाती वाढलेली असतात, तेव्हा सकाळचा अंदाज दुपारनंतर तसाच वापरू नका. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहिवर असेल तर चेंडू आखूड पडतो आणि कमी वळतो.

गवताऐवजी तेल मिसळलेल्या वाळूचं ‘ब्राऊन’ असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. तिथे उतार थोडाच घ्या आणि फटका ठाम मारा. पटाची वाट झाडून घ्यायला परवानगी आहे का, ते त्या क्लबच्या स्थानिक नियमांत बघा.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये काळ्या मातीला भेगा पडतात. चेंडू भेगेत गेला तर फुकट ड्रॉप मिळतो का? आणि इतक्या कडक जमिनीवर चिप कशी मारावी?
– एक वाचक, परभणी

उत्तर : आपोआप मिळत नाही. भेग नैसर्गिक आहे. समितीने ती जागा दुरुस्तीखाली म्हणून आखली असेल किंवा तसा स्थानिक नियम केला असेल तरच फुकट सुटका. नाहीतर एक फटका दंड भरून चेंडू ‘अनप्लेएबल’ (खेळण्याजोगा नाही असा) घ्यायचा. घुशीचं किंवा उंदराचं बीळ मात्र वेगळं : तिथे अडचण न राहणाऱ्या सगळ्यात जवळच्या जागेपासून एक क्लब-लांबीत, होलच्या जवळ न जाता, दंडाशिवाय ड्रॉप मिळतो. ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून, २०१९ पासून. काळ्या रानातल्या क्लबांनी उन्हाळ्यापुरता भेगांचा स्थानिक नियम करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. भेगेत मारताना मनगटाला इजा होऊ शकते.

चिपबद्दल : सँड वेजचा (वाळूतून चेंडू काढायच्या क्लबचा) जाड तळ कडक जमिनीवर आपटून उसळतो, पातं चेंडूच्या मधोमध बसतं आणि चेंडू ग्रीनपलीकडे जातो. सँड वेज बॅगेतच राहू द्या. ग्रीनची कड दहा पावलांवर असेल आणि मध्ये नुसती टणक माती असेल तर सरळ पटर घ्या. त्याहून लांबून आठ नंबर, चेंडू मागच्या पायाजवळ, पटसारखा झोका. लांबचा फटकाही ग्रीनच्या १५-२० यार्ड अलीकडे टाका, उरलेलं तो घरंगळत जातो. ४२ अंशांच्या उन्हात चेंडू हवेतही लांब जातो. जानेवारीतल्या १२ अंशांच्या सकाळशी तुलना केली तर ड्रायव्हरला आठ-दहा यार्डांचा फरक पडतो. यार्डांची चिठ्ठी ऋतूप्रमाणे वेगळी ठेवा.

प्रश्न : पट मारताना झेंडा काढावा की राहू द्यावा?
– एक वाचक, बीड

उत्तर : २०१९ पासून दोन्ही चालतं, दंड नाही. लांबून आणि उतारावरून राहू द्या. वाऱ्याने काठी तुमच्याकडे कलली असेल तर काढा, चेंडूला आत शिरायला जागा उरत नाही.

प्रश्न : पुढच्या महिन्यात पुण्याला स्पर्धा आहे. तिथल्या ग्रीनवर कधी खेळलेलो नाही. सकाळी काय करू?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : तासभर आधी पोचा आणि त्यातली वीस मिनिटं सरावाच्या ग्रीनसाठी राखून ठेवा. पहिली दहा मिनिटं होलकडे बघायचंच नाही. तीन चेंडू घ्या आणि ग्रीनच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत मारा, आधी चढावर, मग उतारावर. कडेला नेमके थांबायला लागले की वेग हाताला कळला. मग एकच चेंडू घेऊन २५-३० फुटांवरून सहा वेगवेगळ्या होलवर खेळा, प्रत्येक वेळी चेंडू आत जाईपर्यंत. शेवटी दोन फुटांवरून सहा पट, चेंडू पडल्याचा आवाज ऐकत. दहा फुटांवरचे पट त्या सकाळी घोटू नका. निम्म्याहून जास्त चुकतील आणि तेच डोक्यात घेऊन टीवर जाल.

निघण्याआधी बॅगेतले क्लब मोजा. चौदाच चालतात. पंधरावा निघाला तर प्रत्येक होलला दोन फटके, जास्तीत जास्त चार. पहिल्या टीवर दहा मिनिटं आधी उभे राहा : पाच मिनिटांपर्यंत उशीर झाला तर दोन फटके दंड, त्यापुढे स्पर्धेतून बाद.