नववीपासून नोकरी करायला लावणारी शाळा निवडावी का?

नमस्कार ताई,

तुम्ही शिकागोत राहता, मुलगी आठवीत आहे आणि घरच्या मिळकतीत खासगी शाळा परवडणारी नाही. क्रिस्तो रे शाळेत मुलं ऑफिसात काम करून फी फेडतात हे ऐकून तुम्ही विचारलंत, की अभ्यास बुडणार नाही ना, आणि कॉलेजसाठी याचा उपयोग काय.

आधी कागदपत्रांचं पाहू. मुलगी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर प्रश्न नाही. ती एच-फोर व्हिसावर (आई-वडिलांच्या एच-वन नोकरी व्हिसावर अवलंबून असलेल्यांचा व्हिसा) असेल तर तिला काम करता येत नाही, म्हणजे ही शाळाच बाद. ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित असेल तर तिच्या स्वतःच्या नावाचं वर्क परमिट हातात येईपर्यंत थांबावं लागेल. शिवाय कामाला लागण्याआधी वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. जन्मतारीख उन्हाळ्याच्या शेवटी येत असेल तर अर्जाआधीच विचारून घ्या.

आता अभ्यासाचं. १४-१५ वर्षांच्या मुलांनी शाळेच्या वेळात काम करायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. २०१० पासून अशा वर्क-स्टडी, म्हणजे काम करत शिकण्याच्या, योजनांना सवलत मिळाली, तीही मोजून मापून. चार आठवड्यांच्या चक्रात तीन आठवडे एकेक दिवस, चौथ्यात दोन दिवस, दिवसाला जास्तीत जास्त आठ तास. म्हणजे शाळेच्या वीस दिवसांपैकी पाच दिवस कामाचे, पंधरा वर्गाचे. चार मुलं मिळून वीस दिवस भरतात आणि एक पूर्णवेळ खुर्ची सांभाळतात. अशी पहिली शाळा शिकागोच्याच पिल्सन भागात १९९६ साली निघाली. मुलांकडून या पंधरा दिवसांत पूर्ण अभ्यासक्रमाची अपेक्षा असते, म्हणून वर्गाचा दिवस लांबतो आणि घरी रोज नेमानं बसावं लागतं. कामाच्या दिवशीही गृहपाठ सुटत नाही. तिला झोपेतून ओढून उठवावं लागत असेल, तर हा प्रश्न मी फीच्या आधी सोडवीन.

पगार मुलीच्या हाती येत नाही, हे तिलाही आत्ताच सांगा. कंपनी पैसे शाळेच्या वर्क-स्टडी विभागाला देते आणि ते फीत जमा होतात. उरलेला भाग घरच्या उत्पन्नानुसार तुम्ही भरायचा. कॉलेजसाठी यातून शिल्लक पडेल असं धरून चालू नका.

गाडी अडते ती बहुतेकदा गैरहजेरीवर. वर्ग चुकला तर वही मागून घेता येते. कामाचा दिवस चुकला तर ती खुर्ची रिकामी राहते आणि दिवस भरून द्यावा लागतो. डिसेंबरात भारतात जाताना चार दिवस जास्त राहायची आपल्या लोकांची सवय इथे महागात पडते. कंपनीनं मुलीला परत पाठवलं तर शाळा पुन्हा प्रशिक्षण देते की थेट नाव कमी करते, हे प्रवेशाआधी लेखी मागा. तेव्हाच हेही विचारा: नववीच्या आधीच्या उन्हाळ्यात प्रशिक्षण किती आठवडे, कामावर ने-आण कोण करतं, दरवर्षी कंपनी बदलते का. शाळा कॅथलिक आहे. इतर धर्मांची मुलं घेतात, पण धर्माचा तास सगळ्यांनाच असतो.

चार वर्षांत नुसतं फायलिंगच वाट्याला आलं तर फायदा थोडा. अकरावीत वेगळ्या विभागाचं काम मागायला तिला शिकवा, आणि वर्ष संपताना साहेबांकडून शिफारसपत्रासाठी होकार घेऊन ठेवा. बारावीत धावपळ करून मागितलेलं पत्र मोघम येतं.

कॉलेजचं फेडरल वर्क-स्टडी, म्हणजे केंद्र सरकारच्या मदतीतून कॉलेजात मिळणारं काम, हे वेगळं प्रकरण. त्यासाठी बारावीत फाफ्सा (FAFSA) हा सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज भरायचा आणि तोही लवकर, कारण कॉलेजकडचा निधी मर्यादित असतो. मंजुरीपत्रातला आकडा म्हणजे हातात आलेले पैसे नव्हेत. कॅम्पसवर काम तिनंच शोधायचं, जितके तास भरतील तितकाच पगार, आणि तो मात्र तिला मिळतो. पुढच्या वर्षीच्या मदतीचा हिशोब करताना ही कमाई उत्पन्नातून वजा होते, त्यामुळे कमावलं म्हणून मदत कापली जाईल ही भीती नको.