नियमातील शब्द आणि टेबलावरचा निर्णय

वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही काही मित्रमैत्रिणी रविवारी कॉलेज रोडवरील एका घरी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून पात्रे रंगवण्याच्या टेबलावरच्या खेळाची २०१४ची पाचवी आवृत्ती खेळतो. आमच्या डंजन मास्टरने (कथा रचून खेळ चालवणाऱ्याने) रामशेजसारखा एक किल्ला रचला आहे. त्याच्या पायथ्याशी झालेल्या चकमकीत ‘रोग’ (Rogue, म्हणजे चलाख भामटा) वर्गाचे पात्र खेळणाऱ्या मैत्रिणीने स्वतःच्या टर्नमध्ये (पाळीत) स्नीक अटॅक, म्हणजे हानीचे जादा फासे मिळवून देणारा वार, केला. पुढे शत्रू त्याच्या टर्नमध्ये पळू लागताच तिने रिअ‍ॅक्शन (एखाद्या घटनेला लगेच दिलेले प्रत्युत्तर) वापरून वार केला आणि त्यावरही स्नीक अटॅकचे फासे मागितले. डंजन मास्टरने नकार दिला. एका राउंडमध्ये स्नीक अटॅक एकदाच होतो, शिवाय भर उजेडात समोर उभे राहून केलेल्या वाराला स्नीक अटॅक म्हणताच येणार नाही, असे त्याचे म्हणणे. कोणाचे बरोबर?
— एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर: पुस्तकातील शब्दांप्रमाणे मैत्रिणीचे बरोबर आहे. डंजन मास्टरचे दोन आक्षेप मात्र वेगवेगळ्या जातीचे आहेत, म्हणून ते एकेक करून पाहू.

पहिला आक्षेप मोजणीचा आहे. स्नीक अटॅकचा नियम ‘एका टर्नमध्ये एकदा’ अशी मर्यादा घालतो, ‘एका राउंडमध्ये एकदा’ अशी नव्हे. राउंड म्हणजे खेळातील सुमारे ६ सेकंद, आणि तेवढ्या वेळात लढाईतील प्रत्येकाचा एकेक टर्न येतो. तिचा पहिला वार तिच्या टर्नमध्ये झाला आणि दुसरा शत्रूच्या टर्नमध्ये, त्यामुळे मर्यादा कोठेही ओलांडली गेली नाही. लेखकांच्या मनात ‘स्वतःच्याच टर्नमध्ये’ असे असेल, ही शंका रास्त आहे. पण मनातले ओळखण्याची आवश्यकता येथे पडत नाही, कारण तपासणीचे साधन त्याच पुस्तकात आहे. क्लेरिक या पुरोहित-वर्गाच्या काही शाखांना ८व्या पातळीवर मिळणाऱ्या डिव्हाइन स्ट्राइकचा नियम उघडून पाहा: तेथे ‘तुमच्या प्रत्येक टर्नमध्ये एकदा’ अशी स्पष्ट शब्दरचना आहे. ज्यांनी एका ठिकाणी ‘तुमच्या’ असे आवर्जून लिहिले, त्यांनी दुसऱ्या ठिकाणी ते लिहिले नाही, तर तो फरक जाणीवपूर्वक केलेला आहे असे मानूनच नियम वाचावा लागतो. प्रकाशकांच्या अधिकृत खुलाशातही हाच अर्थ दिलेला आहे. यामुळे रोग बेसुमार बलवान होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण रिअ‍ॅक्शन एकदा वापरली की स्वतःचा पुढचा टर्न सुरू होईपर्यंत ती परत मिळत नाही.

दुसरा आक्षेप नावावरून घेतलेला आहे, आणि माझ्या मते तोच अधिक विचार करण्यासारखा आहे, कारण अशी चूक फार ठिकाणी होते. नियम काय मागतो ते पाहा. हत्यार फिनेस (ताकदीऐवजी चपळाईनेही चालवता येणाऱ्या) प्रकारचे किंवा लांब पल्ल्याचे हवे. वार करणाऱ्याकडे दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची मुभा, म्हणजे अ‍ॅडव्हांटेज हवा. तो नसेल तर लक्ष्याचा दुसरा एखादा शत्रू लक्ष्यापासून ५ फुटांच्या आत, कृती करू शकेल अशा अवस्थेत हवा, आणि वार करणाऱ्यावर दोहोंतील लहान आकडा घेण्याचे बंधन, म्हणजे डिसअ‍ॅडव्हांटेज नको. लपण्याची अट यात कोठेही नाही. नाव हे नियमाची ओळख पटवण्यासाठी असते; त्यातून नवी अट काढता येत नाही. आपल्याकडे पूर्वमीमांसेने (वेदवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्राने) वाक्यार्थाच्या वादात कोणते प्रमाण बलवान मानायचे याचा क्रमच लावून दिला आहे: श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या. यांपैकी आधीचे प्रमाण नंतरच्यापेक्षा बलवान. श्रुती म्हणजे प्रत्यक्ष शब्दांत सांगितलेले, समाख्या म्हणजे नावावरून कळणारे, आणि समाख्येचे स्थान सर्वांत शेवटी आहे. यज्ञकर्माच्या वाक्यांसाठी रचलेला हा क्रम खेळाच्या पुस्तकालाही चपखल लागू पडतो, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रातून कळत नाही. पळणाऱ्या शत्रूवरचा ऑपर्च्युनिटी अटॅक (तिचा तो दुसरा वार) शत्रू तुमच्या पल्ल्याबाहेर जाण्याच्या अगदी आधी घडतो. त्या क्षणी तुमच्यापैकी दुसरे कोणी शत्रूच्या ५ फुटांच्या आत होते का? नसेल आणि अ‍ॅडव्हांटेजही नसेल, तर दुसरा स्नीक अटॅक मिळणार नाही. डंजन मास्टरचा नकार मग योग्य ठरतो, पण त्याने दिलेल्या दोन्ही कारणांनी नव्हे. आणि त्याला आपल्या टेबलावर राउंडमागे एकच स्नीक अटॅक हवा असेल, तर तसे ठरवण्याचा अधिकार हा खेळ त्याला देतोच. ‘पुस्तकात असेच आहे’ असे न म्हणता ‘आपण येथे पुस्तकापेक्षा वेगळे खेळणार आहोत’ असे त्याने सांगावे, आणि तेही पात्रे तयार होण्यापूर्वी, कारण त्या नियमावर विसंबूनच एखादी खेळाडू रोग हा वर्ग निवडत असते.

प्रश्न: आमच्या कथेत लुटारू एका कांद्याच्या चाळीत दडले होते. जादूगाराने फायरबॉल हा आगीच्या स्फोटाचा मंत्र टाकला. आपल्या साथीदारांना वगळता येईल, असा त्याचा समज होता. शिवाय चाळ आणि लुटारूंच्या पाठीवरच्या पिशव्या पेटल्या का, यावर वाद झाला.
— एक वाचक, पंचवटी

उत्तर: २० फूट त्रिज्येच्या गोलातील ‘प्रत्येक जीव’ असे नियम म्हणतो, त्यामुळे साथीदारही त्यात आले. निवडीची मुभा जेथे द्यायची असते, तेथे पुस्तक ‘तुम्ही निवडलेले जीव’ असे लिहिते. ज्वलनशील वस्तू पेटतात, परंतु अंगावर घातलेल्या किंवा जवळ बाळगलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. म्हणून पिशव्या वाचल्या. चाळ बांबूची आणि लाकडाची असेल तर ती पेटली, आणि ज्वाला कोपऱ्यांना वळसा घालून पसरतात हेही नियमातच असल्याने, आडोशाला केवळ कोपरा असलेला लुटारू गोलाच्या कक्षेत येत असेल तर तोही सुटत नाही.

प्रश्न: आमच्या गटातील एकीने सी इनव्हिजिबिलिटी हा मंत्र वापरून अदृश्य शत्रूला पाहिले. तरीही डंजन मास्टरने तिच्या वारावर डिसअ‍ॅडव्हांटेज कायम ठेवला. विशेष नियम सामान्य नियमाला बाजूला सारतो असे पुस्तकच सांगते ना?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर: सांगते, आणि व्याकरण शिकलेल्यांना उत्सर्ग (सामान्य नियम) आणि अपवाद (विशेष नियम) यांचे नाते परिचयाचे असेलच. परंतु अपवाद जेवढे बोलतो तेवढ्यापुरताच उत्सर्गाला बाधतो. २०१४च्या पुस्तकात अदृश्य अवस्थेचे दोन स्वतंत्र परिणाम दिले आहेत. पहिला दिसण्याविषयी आहे. दुसऱ्यानुसार अदृश्य जीवावरील वारांना डिसअ‍ॅडव्हांटेज आणि त्याच्या वारांना अ‍ॅडव्हांटेज मिळतो, आणि त्यात ‘समोरच्याला दिसत नसल्यास’ अशी अट घातलेली नाही. मंत्र केवळ अदृश्य गोष्टी दृश्य असल्याप्रमाणे दिसतील एवढेच म्हणतो. अक्षरशः वाचले तर तुमच्या डंजन मास्टरचे बरोबर आहे, हे मान्य करावेच लागेल.

तरीही मी स्वतः या वाचनाप्रमाणे खेळणार नाही. दुसऱ्या पातळीचा मंत्र खर्च करून शत्रू लख्ख दिसू लागला आणि तरीही त्याच्यावर नेम धरणे पूर्वीइतकेच अवघड राहिले, तर लढाईत मंत्राचा मोठा हेतूच निष्फळ होतो. २०२४च्या सुधारित पुस्तकात याच दुसऱ्या परिणामाला एक वाक्य जोडले गेले आहे: एखाद्या जीवाला तुम्ही कोणत्याही प्रकारे दिसत असाल, तर त्याच्याविरुद्ध तुम्हाला हा लाभ मिळत नाही. जुन्या पुस्तकात हे वाक्य नव्हते, म्हणूनच ते नव्याने घालावे लागले. तेव्हा जुन्या शब्दांचा अर्थ ओढूनताणून बदलण्याऐवजी हे एकच वाक्य तुमच्या टेबलाचा नियम म्हणून उचला. पुढील सत्राच्या आरंभी डंजन मास्टरला तसे सुचवा. आणि गटातील कोणी स्वतः अदृश्य होऊन लढत असेल तर त्याचीही संमती घ्या, कारण अदृश्य पाहू शकणाऱ्या शत्रूसमोर त्याचाही लाभ त्याच वाक्याने जाणार आहे.