मॉडेलिंगसाठी नोकरी सोडण्याआधीचा हिशेब

प्रश्न: मी २६ वर्षांची असून मूळची अकोल्याची आहे. पुण्यात एका खासगी बँकेच्या बॅक ऑफिसमध्ये सव्वाचार वर्षे नोकरी करते. हाती ३४,००० रुपये पगार येतो (मूळ वेतन १८,०००), त्यातले ६,००० घरी पाठवते. मुदत ठेव, म्युच्युअल फंड आणि बचत खाते मिळून २,८०,००० रुपये शिल्लक आहेत. मला थ्री-एक्सएल मापाचे कपडे लागतात. इन्स्टाग्रामवरचे माझे फोटो पाहून मुंबईतील एका संस्थेने प्लस साइज मॉडेल म्हणून पोर्टफोलिओ (कामासाठी दाखवायचा फोटोंचा संच) आणि वर्षभराची नोंदणी यांसाठी १,४५,००० रुपये अधिक जीएसटी मागितला आहे. ५,००० रुपये टोकन मी दिले आहे. ठेव मोडून बाकीची रक्कम भरावी आणि पुढच्या महिन्यात राजीनामा देऊन अंधेरीला राहायला जावे, असे मनात आहे. हे योग्य ठरेल का?

उत्तर: तुमची इच्छा मला अवाजवी वाटत नाही, मात्र तिच्यासाठी तुम्ही आखलेला खर्च अवाजवी आहे. हे काम खरे आहे. २०१६ मध्ये लॅक्मे फॅशन वीकमध्ये ‘ऑल’ या ब्रँडने प्लस साइज मॉडेल्सचा शो केला होता आणि आज ऑनलाइन विक्रीसाठी मोठ्या मापाच्या कुर्त्यांचे, जीन्सचे फोटो सतत काढले जातात. मात्र ‘ऑल’ ज्या फ्यूचर समूहाचा ब्रँड होता, त्याची प्रमुख किरकोळ विक्री कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली, हेही लक्षात असू द्यावे. काम देणारे ब्रँड मोजके असले की त्यांतल्या एकाचे दुकान बंद पडण्याचा फटका मॉडेललाही बसतो.

आता त्या १,४५,००० रुपयांविषयी. जीएसटी धरून ही रक्कम १,७१,१०० होते. मॉडेलला काम मिळवून देणारी एजन्सी त्या कामाच्या मानधनातून कमिशन घेते. म्हणजे तुम्हाला काम मिळाले तरच तिला पैसे मिळतात. नोंदणीचेच पैसे आधी घेणाऱ्या संस्थेची कमाई तुम्ही पैसे भरता त्या दिवशीच पूर्ण होते, त्यामुळे पुढे तुम्हाला काम मिळवून देण्याची तिला निकड उरत नाही. शिवाय टोकन वजा जाता उरलेले १,६६,१०० रुपये भरलेत, तर तुमच्याकडे १,१३,९०० रुपये राहतील. मुंबईत शेअरिंगमध्ये राहण्याचा, जेवणाचा आणि प्रवासाचा खर्च ३०,००० आणि घरचे ६,००० धरले, तर अनामत रक्कम न धरताही ही शिल्लक जेमतेम तीन महिने पुरेल. शूटचे मानधन हाती पडायला दोन-तीन महिने लागणे या क्षेत्रात नवे नाही, तेव्हा पहिला धनादेश येण्याच्या सुमारासच तुमची गंगाजळी आटलेली असेल. म्हणून हे पैसे भरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवातीला लागते ते फारच कमी असते. साध्या भिंतीसमोर, दिवसाच्या उजेडात, मेकअप न करता, अंगाला बसणाऱ्या साध्या कपड्यांत समोरून, बाजूने आणि मागून काढलेले फोटो (ज्यांना ‘डिजिटल्स’ म्हणतात), सोबत उंची, छाती, कंबर, नितंब आणि बुटाचे माप. हे मोबाइलवर होते. त्यानंतर उमेदवारी करणाऱ्या एखाद्या छायाचित्रकाराबरोबर टेस्ट शूट (नमुन्यादाखल फोटो काढणे), चांगली अंतर्वस्त्रे आणि ऑडिशनसाठी मुंबईच्या फेऱ्या, असे सगळे मिळून २५,००० रुपयांची मर्यादा घालून घ्या आणि ती मुदत ठेवीतून नव्हे, तर पुढील पाच-सहा महिन्यांच्या पगारातून काढा.

राजीनाम्याची घाई न करण्याचे दुसरेही ठोस कारण आहे. सलग पाच वर्षांच्या नोकरीला तुम्हाला नऊच महिने कमी आहेत. ती पूर्ण झाल्यावर तुमच्या मूळ वेतनावर सुमारे ५२,००० रुपये ग्रॅच्युइटी मिळेल, आणि पुढे कधी भविष्य निर्वाह निधी काढायची वेळ आलीच तर त्यावर कर लागणार नाही. तोवर शनिवार-रविवारची कामे घ्या. मात्र बँकेच्या सेवाशर्तींत बाहेरच्या मिळकतीसाठी लेखी परवानगी लागते का, हे आधी पाहा.

नोकरी केव्हा सोडावी, याचे उत्तर दिवसांत मोजता येते. उदाहरणापुरते, कॅटलॉग शूटचे दिवसाला ८,००० रुपये मिळतात आणि एजन्सी २० टक्के घेते असे धरू. प्रवास आणि तयारीचे ९०० रुपये गेल्यावर ५,५०० उरतात, म्हणजे वर धरलेल्या ३६,००० रुपयांच्या मासिक खर्चासाठी महिन्याला सात दिवस काम हवे. सलग चार महिने ही सरासरी गाठल्याखेरीज राजीनामा देऊ नये. ब्रँडने मानधनातून १० टक्के टीडीएस कापला, तर विवरणपत्र भरून तो कराच्या हिशेबात धरून घ्या. प्रत्येक कामाचा लेखी करार करा आणि तुमचे फोटो कुठे व किती काळ वापरले जाणार, ते त्यात नमूद करून घ्या, कारण संकेतस्थळासाठी घेतलेला फोटो पुढे होर्डिंगवर गेला तर त्याचे वेगळे पैसे मागायचा हक्क त्या एका ओळीवर टिकतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यावसायिकांची सरकारी नोंदणी, मोफत आहे. ती काम सुरू करण्यापूर्वी केलेली असली, तर ब्रँडला ४५ दिवसांपेक्षा जास्त काळ पैसे अडवता येत नाहीत आणि अडवल्यास व्याज द्यावे लागते.

आरोग्य विमा मात्र याच महिन्यात घ्या. नोकरी सुटली की कार्यालयाचे संरक्षण जाते, आणि ज्या वजनामुळे ब्रँड तुम्हाला बोलावणार, त्याच वजनाकडे बोट दाखवून विमा कंपनी जादा प्रीमियम मागू शकते (या व्यवसायातला हा विरोधाभास मला नेहमी बोचतो). तरीही अर्जात उंची आणि वजन खरेच लिहा, कारण खोटी माहिती दिल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. अर्जाचा निकाल लागून पॉलिसी हाती येईपर्यंत तुमचे कार्यालयीन संरक्षण चालू असायला हवे.

टोकनचे ५,००० रुपये ईमेलने लेखी परत मागा. ते परत न मिळाले, तरी तेवढे वाया जाऊ नयेत म्हणून उरलेले १,६६,१०० रुपये भरू नका.