परीक्षेनंतर नव्हे, या सोमवारीच

*ताई, आम्ही भांडुपला चाळीत राहतो. माझा धाकटा भाऊ 20 वर्षांचा, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. गणपतीपासून तो बदललाय. रात्रभर जागा असतो, खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलंय, शेजारचे त्याच्याबद्दलच बोलतात म्हणतो. कधी एकटाच हसतो. आई म्हणते बाहेरचं आहे, दर मंगळवारी उतारा टाकते. पप्पा म्हणतात, मे मध्ये परीक्षा होऊ दे, मग बघू. डॉक्टरकडे नेलं तर ठाण्याला टाकतील, नाव खराब होईल. मी काय करू?*

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ‘गणपतीपासून’ या शब्दावर अडले. सात महिने झाले की!

पत्र वाचून निदान करणारी मी कोण? पण तू लिहिलंस त्यावरून सायकोसिसची, म्हणजे खरं काय आणि भास काय हे मनाला कळेनासं होतं त्या आजाराची, शंका यावी, आणि शंका आली की डॉक्टरनी बघायलाच हवं. हा आजार बहुतेकदा कॉलेजच्या वयात किंवा विशी-पंचविशीत डोकं वर काढतो. म्हणूनच घरचे फसतात. मोबाईल, अभ्यासाचं टेन्शन, एखादी मुलगी, सगळ्यांवर संशय घेऊन होतो. उपचाराविना जितके महिने जातात, तितकं पुढे सावरणं अवघड होत जातं.

नॉर्वेत रोगालँड नावाच्या भागात 1997 पासून वर्तमानपत्रं, रेडिओ, शाळा यांतून लोकांना ही लक्षणं सांगितली. रुग्ण उपचाराला यायला लागणारा वेळ साधारण 5 आठवड्यांवर आला. पुढे जाहिराती थांबल्या, असे रुग्ण लवकर शोधणारं डॉक्टरांचं पथक मात्र तेच होतं, तरी तो वेळ पुन्हा 15 आठवड्यांच्या घरात गेला. म्हणजे डॉक्टर असून भागत नाही, घरातल्या कोणाच्या तरी लक्षात यावं लागतं. तुमच्या घरात ते तुझ्या आलंय.

आता त्याला न्यायचं कसं? ‘तुला भास होतायत’ म्हणू नकोस. शेजारी काही बोलत नाहीत हे पटवायलाही जाऊ नकोस, त्याच्यासाठी ते खरं आहे. झोपेचं बोल. ‘इतक्या रात्री झोप नाही, किती दमलायस, यावर काहीतरी करू या.’ हे खोटंही नाही. मामाकडे जाऊ म्हणून दवाखान्यात नेलंत, तर आधीच सगळ्यांवर संशय असलेला मुलगा उद्या तुझ्यावरही ठेवेल. आणि गोळ्या चहात मिसळून देण्याचा सल्ला कोणी ना कोणी देईलच, मानू नकोस. तो यायलाच तयार नसेल तर आधी तू एकटी जा. काय, कधीपासून, किती वेळा, हे कागदावर लिहून ने.

भांडुपहून सायन सोयीचं. तिथल्या पालिकेच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, परळच्या केईएममध्येही आहे. सकाळी लवकर गाठ. जाण्याआधी बोलायचं असेल तर टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो. डॉक्टर रक्त तपासायला सांगतील, कारण थायरॉइडसारखं शरीरातलं कारणही असू शकतं. गांजाबद्दल विचारतील. तेव्हा आईने ‘आमचा बाळ तसला नाही’ म्हणून मध्ये पडू नये. बरं वाटलं की गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, घोटाळा बहुतेक तिथेच होतो.

ठाण्याच्या मनोरुग्णालयाची भीती मला कळते. आमच्या पिढीत ‘ठाण्याला पाठवलं’ हे खालच्या आवाजातच बोलायचे. पण असे कितीतरी जण घरी राहूनच उपचार घेतात. दाखल करायची वेळ आलीच आणि त्याची संमती नसली, तरी 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात पहिल्या खेपेला त्याची मुदत जास्तीत जास्त 30 दिवसांची आहे. मात्र तो मरणाचं बोलू लागला, आवाज त्याला काही करायला सांगतायत म्हणाला, किंवा खाणंपिणं सोडलं, तर सोमवारचीही वाट बघू नकोस. त्याच रात्री कॅज्युअल्टी.

आईशी भांडू नकोस. तिचा मंगळवार चालू दे, सोमवार त्याच्या आधीच येतो. परीक्षेचं म्हणशील तर केटी लागेल, एखादं वर्ष जाईल. अर्ध्या मुंबईला केटी लागलेली असते.

आणि पप्पांना केस पेपरच्या रांगेत उभं कर. हाताला काम असलं की बाप कमी बोलतात.