जार पडण्याआधी वासराला चीक पाजावा का?

गाय व्यायल्यावर जार (गर्भाभोवतीची वार) पडायला उशीर झाला तर काय करावे आणि तोवर वासराला चीक, म्हणजे व्यायल्यानंतरचे पहिले दाट दूध, पाजण्याचे थांबवावे का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: मुळीच थांबवू नये.

याच गोष्टीवरून थोरल्या काकांशी माझा वाद कित्येक वर्षे चालला आहे. जार पडण्याआधी धार काढली तर तो आत अडकतो, असे त्यांचे ठाम मत आहे. त्या मतापायी एक कालवड दिवसभर उपाशी राहिली आणि पुढे हगवण लागून दगावली. त्याच गाईच्या पुढच्या वेताला मी ऐकले नाही. रात्रीची वेळ, जार लोंबत होता आणि काका दारात उभे राहून नको म्हणत होते. वासराच्या तोंडात बोट घातले तर जीभ गार लागली, चोखण्याची ओढही नव्हती. त्याला गोणपाटाने खसखसून कोरडे केले, ऊब दिली आणि ते बोट चोखू लागल्यावर सडांतून दाट, पिवळा, बोटांना चिकटणारा चीक काढून बाटलीने पाजला. पहाटे जार आपोआप पडला. काका आजही त्याला योगायोग म्हणतात.

वास्तविक वासरू सड चोखते तेव्हा गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते आणि त्याने गर्भाशय आकुंचन पावते. मग चीक पाजल्याने जार अडकेल कसा? शिवाय रवंथ करणाऱ्या जनावरांत आईची प्रतिपिंडे (रोगांशी लढणारी प्रथिने) गर्भात पोहोचतच नाहीत, ती चिकातूनच मिळतात, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता पहिल्या काही तासांतच झपाट्याने घटून साधारण २४ तासांत संपते. म्हणून पहिला चीक दोन तासांच्या आत पाजावा आणि पहिल्या १२ तासांत वासराच्या वजनाच्या सुमारे १० टक्के चीक पोटात जावा. शेळ्या-मेंढ्यांनाही हेच लागू आहे.

राहिला जार. तो हाताने ओढू नये, त्याला वजन बांधू नये. १२ तासांनंतरही पडला नाही, किंवा त्याआधीच गाईला ताप आला, तिने वैरण सोडली, तर पशुवैद्यकांना बोलवावे. औषध तेच ठरवतील. बहुतेक गाईंचा जार १२ तासांत स्वतःहून पडतो, आमच्या गाईचाही कदाचित तसाच पडला असेल; पण धार काढल्याने तो अडकला नाही, एवढे काकांनी मान्य करायला हवे. मात्र वासरू अजिबात चोखत नसेल तर चीक बळेच तोंडात ओतू नये, तो फुप्फुसात जातो. अशा वेळी पशुवैद्यकांकडून नळीने पाजून घ्यावा.