परत लिही

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

कारखान्याजवळच्या बोअरिंगच्या पाण्यावरची तुझी बातमी छापून महिना झाला, कुणी साधी चौकशी केली नाही, आणि आता त्या जाहिरात कंपनीतली नोकरी धरू का असं विचारतेस. नोकरीचं तुझं तू बघ. पण ‘बातमीचा काही उपयोग झाला नाही’ हे मला मान्य नाही. एकदाच तर लिहिलंस! एक बातमी कारखानदारही पचवतो आणि साहेबही. त्यांना दुसरी जड जाते. परत लिही.

भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांचं नाव तुला तिथल्या गॅसकांडामुळे माहीत असेल. त्यांनी काम कसं केलं ते बघ. डिसेंबर 1981 मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यात फॉस्जीन हा विषारी वायू गळून एक कामगार गेला. तो त्यांच्या ओळखीचा होता. केसवानी रसायनशास्त्र शिकलेले नव्हते. त्यांनी पुस्तकं आणून वाचली, कामगारांना गाठलं, कंपनीच्याच अमेरिकी तज्ज्ञांनी मे 1982 मध्ये केलेल्या तपासणीचा अहवाल मिळवला. कारखान्यातले विषारी वायू हवेपेक्षा जड, सुटले की जमिनीलगत पसरणार, आणि वस्ती तर कारखान्याला खेटून. सप्टेंबर 1982 मध्ये त्यांनी ‘रपट’ या आपल्या छोट्या साप्ताहिकात पहिला लेख लिहिला. कुणी हललं नाही. ऑक्टोबरात दुसरा, आठवड्याने तिसरा. मुख्यमंत्र्यांना पत्र. विधानसभेत विषय निघाला तेव्हा, कारखाना म्हणजे काही उचलून दुसरीकडे ठेवायचा दगड नव्हे, अशा अर्थाचं उत्तर मजूरमंत्र्यांनी दिलं. जून 1984 मध्ये केसवानींनी तेच परत ‘जनसत्ता’त लिहिलं. (आपल्या इंदूरच्या ‘नईदुनिया’तून पुढे गेलेल्या प्रभाष जोशींचा तो पेपर.) 2 डिसेंबरच्या रात्री त्याच कारखान्यातून सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू भोपाळवर सुटला.

मग लिहून काय मिळालं, असं तू विचारशील, आणि तिथेच माझं डोकं फिरतं. हजारो माणसं गेली, लेखांनी त्यांचे जीव वाचवले नाहीत, हे खरंच. पण ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असं म्हणायची सोय त्या रात्रीनंतर कुणालाही राहिली नाही. सगळं तारखेनिशी छापलेलं होतं. एकच लेख असता तर योगायोग म्हणून झटकून टाकला असता.

माझंही सांगतो. रंगाच्या कारखान्याशेजारच्या विहिरींवर मी लिहिलं, तेव्हा ऑफिसात शाबासकी मिळाली. त्याच विषयावर दुसरी बातमी दिली, तर ‘झालं की एकदा छापून’ म्हणून परत आली. तरी देत राहिलो, आणि माझी रवानगी बाजारभावाच्या पानावर झाली. बरीच वर्षं छावणीच्या मंडीतले सोयाबीन आणि डॉलर चण्याचे भाव लिहिले. ती दुसरी बातमी शेवटपर्यंत छापली गेली नाही, हे अजून सलतं. घरचे अजूनही म्हणतात, हट्टापायी बढती घालवलीस. घालवली तर घालवली. घर उपाशी नव्हतं, मुलं शिकली. आणि भावाच्या पानाने मला आकडा दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय लिहायचा नाही हे शिकवलं. तुझ्या बातमीत नेमकं तेच कमी आहे.

रागावू नकोस, छान लिहितेस तू. त्या आजींच्या स्टीलच्या हंड्याच्या तळाशी बसलेला पिवळट थर, तो नखाने खरवडून त्यांनी तुला दाखवला, ते वाचताना मी थांबलो. पण नमुना कोणत्या तारखेला घेतला? बोअर किती फूट? तपासणी कुठल्या प्रयोगशाळेत झाली? यातलं एकही त्यात नाही. परत लिहायचं म्हणजे तेच उगाळायचं नव्हे. दर वेळी आधी नसलेला एक कागद हवा, आधी न बोललेला एक माणूस हवा. केसवानींकडे कंपनीचाच अहवाल होता. तुझ्याकडे काय आहे?

रविवारी सकाळी रामबागेत घरी ये. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यायच्या माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा घेऊन ये. त्यात ‘सगळी माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नकोस. त्या कारखान्याच्या तपासणी अहवालांच्या प्रती माग, तारखांसकट. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करायचं. त्याचाही मसुदा त्याच बैठकीत करून ठेवू.

तुझा,
काका