टकटकणारी हार्ड डिस्क आणि वॉरंटी

प्रश्न : मालवणात आमची खानावळ आहे. हिशेबाच्या संगणकाची हार्ड डिस्क आठवडाभर टकटक आवाज करते आहे. वॉरंटी शिल्लक असल्याने विक्रेता डिस्क पाठवून द्या म्हणतो. पाठवावी का?

उत्तर : पाठवा, पण आधी हिशेब वाचवा. वॉरंटी डिस्कची असते, तिच्यातील माहितीची नव्हे, आणि बदली डिस्क कोरीच येते. असा आवाज बहुधा डिस्कवरील माहिती वाचणारा भाग, म्हणजे हेड, अडखळत असल्याचा असतो, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा चालू करून पाहणे किंवा तिच्यावर दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवणे घातक ठरते. एकदाच चालू करून सर्वांत आधी हिशेबाच्या फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवा. डिस्क दिसेनाशी झाली, तर माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे जा. मात्र त्याने डिस्कचे झाकण उघडल्यास वॉरंटी जाऊ शकते, हे आधी विचारून घ्या. लेबलवरील सिरीयल नंबरचा फोटो आणि बिल जपा.